रविवारची साखर

आमच्या गावात मला मेजर म्हणत्यात. मी रिटायर झालो हवालदार म्हणून, पण गावानं परस्पर बढती देऊन टाकली. मी मेडिकल कोरमधला, नर्सिंग असिस्टंट. चोवीस वर्षं जवानांना सुया टोचल्या, पट्ट्या बांधल्या, डॉक्टरसाहेबांच्या मागं ट्रे धरून उभा राहिलो. उंब्रजपासनं चार किलोमीटरवर आमचं गाव. ताप आला, पाय मुरगळला, बीपीची गोळी संपली की लोक पयलं माझ्या ओट्यावर येत्यात. मी बी छाती फुगवून सल्ले देत आलो. खोटं कशाला बोलू, मला ते लय आवडायचं.

आता ज्याच्याविषयी सांगतोय तो माझा थोरला भाऊ, जोतीराम. मी त्याला आण्णा म्हणतो. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, आन् धंद्यानं गुळव्या. गुऱ्हाळात ऊस कुणाचा बी असू दे, काहिलीतला, त्या मोठ्या कढईतला, पाक उतरवायचा कवा हे गुळव्याच सांगणार. आण्णा पळीभर पाक गार पाण्यात सोडायचा, बोटानं त्याची गोळी करायचा, ती काहिलीच्या काठावर मारायचा आन् आवाज ऐकून म्हणायचा, उतरा. दोन मिनिटं उशीर झाला की गूळ काळा पडतो. चाळीस वर्षांत त्याची एक बी काहिल काळी पडली न्हवती. गावात कुणी बाळंत झाली की आण्णाच्या गुऱ्हाळावरनं तिच्या घरी गुळाची ढेप जायची. कुणाची लेक, कुणाची सून, काय बघायचं न्हाई. आमच्या वडलांपासनंची रीत ती.

तीन वर्षांमागं आण्णाला साखर निघाली. त्यो म्हणाला, मी साखर खातच न्हाई, गूळ खातो. मी त्याला झाडला. गूळ पोटात गेल्यावर काय मिरची हुतो काय, म्हणलं. तवापासनं त्याची साखर मी माझ्या ताब्यात घेतली. दर रविवारी सकाळी सात वाजता मी मशीन घेऊन त्याच्या दारात. आण्णा अंघोळ करून, टोपी घालून, बोट पुढं करून बसलेला. एकशे अठरा, एकशे बावीस, एकशे पंधरा. मी वहीत लिहायचो आन् मनुवैनीला, म्हंजे त्याच्या बायकोला सांगायचो, बघा, शिस्त असली की रोग सुदीक सलाम ठोकतो.

गेल्या गणपतीत, रविवारीच, बोट टोचून झाल्यावर आण्णा उठला न्हाई. वैनी आत गेल्याची खात्री केली आन् हळूच म्हणाला की परसाकडला रक्त जातंय. मी दोन प्रश्न विचारले. दुखतं का? न्हाई. कुंथावं लागतं का? थोडं. झालं, मी निकाल दिला, मूळव्याध. फौजेत असले शेकड्यानं बघितलेले. मलम दिलं, इसबगोल दिलं, तिखट बंद केलं.

डॉक्टरसाहेबांनी मला चोवीस वर्षं एकच शिकवलं व्हतं, बघितल्याबिगर बोलायचं न्हाई. जवानाला मी बेधडक म्हणायचो, पँट खाली. पण थोरल्या भावाला धोतर सोड म्हणायचं कसं? ज्यानं मला खांद्यावर बसवून शाळेत न्हेलं त्याला? माझी जीभ रेटली न्हाई. लाज वाटली म्हणून मी बघितलं न्हाई, आन् कमीपणा नको म्हणून कराडला जा असं बी म्हणालो न्हाई. एवढं साधं हाय ते.

मलम संपलं की मी दुसरं आणायचो. सात महिनं चाललं हे. आण्णाचा सदरा खांद्यावरनं उतराय लागला तवा वैनी म्हणाल्या, आवं भावजी, ह्यांच्या अंगावर कायसुदीक राहिलं न्हाई. मी म्हणलं, साखरंची माणसं वाळत्यातच. वहीतले आकडे चांगले व्हते ना, मग मला कशाची फिकीर.

फाल्गुनात एक दिवस काहिल उकळत असताना आण्णा चक्कर येऊन खाली बसला. उतरा म्हणायला कुणी न्हवतं. त्या दिवशी गूळ काळा झाला. लोक म्हणत्यात त्याला उचललं तवा त्यो स्वतःकडं न बघता काहिलीकडंच बघत व्हता.

कराडला न्हेला तर अंगात रक्त सात. दोन बाटल्या चढवल्या आन् तिथनं सांगलीला पाठवलं, पोटाच्या डॉक्टरकडं. मयूरी म्हणून बाई हाईत, वय पस्तीसच्या आतबाहेर, बोलायला मऊ पण नजर धारदार. त्यांनी नळी घालून आतडं बघितलं. आण्णा अजून गुंगीत व्हता तवा मला आत बोलावलं. मोठ्या आतड्यात डाव्या बाजूला गाठ हाय, कॅन्सर वाटतोय, तुकडा तपासायला पाठवलाय, म्हणाल्या. चार दिवसांनी आण्णाला घेऊन परत गेलो तवा तेच पक्कं झालं, त्याला बी सांगितलं. स्कॅनमध्ये लिव्हर साफ दिसत व्हतं, म्हंजे वेळेत ऑपरेशन केलं तर माणूस बरा व्हायची चांगली आशा. मंगळवारी भरती व्हायचं, गुरुवारी ऑपरेशन.

मग आण्णाला बाहेर बसवून त्यांनी साखरंचा कागद पुढं ओढला. तीन महिन्यांची साखर साडेनऊ, सातच्या आत पायजे ती. मी म्हणलं, मॅडम, हे चुकलंय, माझ्याकडं दर रविवारची वही हाय. त्या म्हणाल्या, रक्त कमी असल्यामुळं आकडा थोडा इकडंतिकडं असेल, पण एवढा न्हाई. रोजची साखर येते आणि जाते, पण रक्तातल्या प्रथिनाला एकदा चिकटलेली साखर सहजासहजी सुटत न्हाई, ती तीन महिन्यांचं खरं सांगते. मला ते नवीन न्हवतं, पण पुढचं नवीन व्हतं. साखर नुसती रक्तातच चिकटत न्हाई, म्हणाल्या, अंगभर चिकटते, तिथं तिची वेगळी रसायनं तयार व्हत्यात, पदार्थ भाजला की तांबूस हुतो त्याच जातीतली. त्यांच्यामुळं आत धग राहते, सूज राहते, आन् आतड्याच्या कॅन्सरशी त्यांचा काय संबंध हाय ते शास्त्रज्ञ शोधत हाईत. काही अभ्यासांत संबंध दिसतो, काहींत दिसत न्हाई.

मी ऐकत व्हतो आन् माझ्या मनात, देवाशप्पथ, थोडं हायसं वाटत व्हतं. मग त्यांनी पेन उचललं आन् विचारलं, "रक्त किती दिवसांपासून जातंय, काका?"

मी म्हणलं, "असंल महिनाभर."

त्यांनी महिनाभर असं लिहिलं. ते अक्षर मला अजून दिसतं.

परत येताना गाडीत आण्णा खिडकीकडं तोंड करून बसला व्हता. कासेगावच्या पुढं त्यानं विचारलं, "नाथा, कशानं झालं रं हे?"

दोन्ही बाजूला तुटलेल्या उसाची रानं. माझ्या जिभेवर सात महिनं व्हते, मलमाच्या नळ्या व्हत्या. ते सगळं गिळलं आन् मी म्हणलं, "गुळानं, आण्णा. डॉक्टर म्हणाल्या, साखर अंगात चिकटती, आत मंद जाळावर शिजती, तिचंच हे झालं."

अर्धं त्यांचं व्हतं, अर्धं माझं. काही अभ्यासांत दिसत न्हाई हे मी खाल्लं. आण्णानं मान हलवली. गुळव्याला ते लगेच पटलं. पाक मंद जाळावर ठेवला की काय हुतं, हे त्याला कुणी सांगायची गरज न्हवती.

दुसऱ्या दिवशी त्यानं काहिलीखालचं चुलवाण विझवलं. हंगाम चालू, दारात उसाच्या गाड्या उभ्या, आन् हा म्हणतो, कारखान्याला घाला, माझ्या हातनं आता काहिल चढायची न्हाई. लोकांना वाटलं आजारी हाय, ठीक. पण तिसऱ्या दिवशी त्यो दारोदार फिरायला लागला. अंगात त्राण न्हाई, काठी टेकत, घराघरात जाऊन म्हणायचा, माझ्या हातची ढेप हाय का घरात, परत द्या. आठ दिवसांवर पाडवा. बाया पोळीसाठी गूळ ठेवून बसलेल्या, त्या गोंधळल्या. कुणी दिली, कुणी दडवून ठेवली. साळूबाईची नात पंधरा दिवसांची बाळंतीण, तिच्यासाठी ठेवलेली अर्धी ढेप बी यानं मागून घेतली. साळूबाई माझ्या ओट्यावर येऊन म्हणाली, मेजर, तुझ्या भावाच्या डोक्यावर परिणाम झालाय.

मी म्हणलं, बघतो. बघितलं काय न्हाई. त्याच्या तोंडासमोर उभं राहायची माझी छाती व्हत न्हवती. रविवार आला आन् मी मशीन घेऊन गेलो सुदीक न्हाई. तीन वर्षांत पयला रविवार.

सोमवारी दुपारी मनुवैनी आल्या. त्या माझ्या दारात कवा उंबऱ्याच्या आत पाय टाकत न्हाईत, त्या दिवशी थेट स्वयंपाकघरात येऊन बसल्या. म्हणाल्या, उद्या भरती व्हायचं आन् हे यायला तयार न्हाईत. डॉक्टरांनी दिलेलं इन्सुलिन घेत न्हाईत, सांगलीचं नाव काढलं की तोंड फिरवत्यात. "म्हणत्यात, मी चाळीस वर्षं लोकांना हे खायला घातलं. किती जणांच्या पोटात काय शिजत असंल कुणाला ठाव. मी तेवढा कापून घेऊन जगू व्हय?"

मी कायतरी बोलायचं म्हणून बोललो, की आण्णाची साखर तर दर रविवारी चांगली यायची, मग साडेनऊ कशी? वैनी डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "भावजी, तुमी रविवारी येणार हे त्यांना ठाव असायचं की. शुक्रवार सांजपासनं गूळ बंद. गोळ्या बी शुक्रवार-शनवारच्याच. शनवारी मारुतीचा कडक उपास. आन् तुमची पाठ फिरली की चहात हा एवढा खडा."

मी उठून उभाच राहिलो. तीन वर्षं मला येड्यात काढलं, म्हणलं. लय संतापलो, तांब्या आपटला. आन् मग आपलं आपल्यालाच हसू आलं, रडू बी आलं. अहो, फौजेत सीओसाहेबांचं इन्स्पेक्शन असलं की आमी काय करायचो? दगडांना गेरू, झाडांना चुना, मोडक्या खाटा स्टोअरमागं. साहेब खूश, आमी खूश. चोवीस वर्षं तेच केलेला माणूस मी, आन् भावाच्या घरात वार सांगून इन्स्पेक्शनला जात व्हतो. आण्णानं मला फसवलं न्हवतं. माझं मन राखलं व्हतं. मी खूश व्हऊन वही मिटावी म्हणून बिचारा दोन दिवस पोट मारायचा.

वैनी गेल्यावर मी मयूरी डॉक्टरांना फोन लावला. पयलं वाक्य म्हणलं ते हेच, की महिना न्हाई, सात महिनं झाले, मूळव्याध म्हणून मलम मी दिलं, बघितल्याबिगर दिलं. वाटलं आता सालटं काढणार. त्यांनी काढलं न्हाई. म्हणाल्या, ऑपरेशन तेच, दिवस तोच, फक्त त्यांना घेऊन या. मग मी गुळाचं विचारलं. तेवढ्यापुरत्या मात्र त्या कडक झाल्या.

"गुळामुळे झालं असं मी म्हटलंच नव्हतं, काका. एका माणसाला कशामुळे झालं हे कुणीच सांगू शकत नाही. साखर ताब्यात ठेवायचीच. पण रक्त दिसलं की तपासायचं, यात कसलीच शंका नाही. आणि तुम्ही सख्खे भाऊ आहात, तेव्हा तुम्हीही नळीची तपासणी करून घ्या."

ते शेवटचं वाक्य मी ऐकल्यासारखं केलं आन् फोन ठेवला.

उन्हं उतरायच्या आत गुऱ्हाळावर गेलो. चुलवाण थंड, काहिल पालथी. आण्णा चिपाडाच्या ढिगाला टेकून बसला व्हता आन् त्याच्यासमोर पोत्यावर त्या ढेपा, पंधरा-वीस असतील. कुठली कोपऱ्यावर फोडलेली, कुठली नुकतीच कागदातनं सोडलेली. मुंग्या लागल्या व्हत्या. मी त्याच्यापुढं खाली बसलो, जमिनीवर.

"आण्णा, गुळानं झालं हे मी बनवून सांगितलं," मी म्हणलं. "साखरंचा थोडा हात असंल, नसंल, कुणालाच पक्कं ठाव न्हाई. माझा मात्र पक्का हाय. सात महिनं तुझं रक्त जात व्हतं आन् मी मूळव्याध म्हणून बसलो. डॉक्टरणीलासुदीक महिनाच सांगितला. माझं पाप झाकायला तुझ्या गुळावर घातलं मी."

त्यानं माझ्याकडं बघितलंच न्हाई. एका ढेपेवरची मुंगी बोटानं उचलली आन् खाली सोडली. मी म्हणलं, मार मला, शिव्या दे, पण उद्या चल. साठीला आलेला माणूस मी, हुंदके देऊन रडलो.

मग आण्णा म्हणाला, "मूळव्याध न्हाई ते मला कळलं व्हतं रं."

मी वर बघितलं.

"आपल्या बापूला बी असंच व्हतं की. त्यो बी असाच वाळत गेला. मला भ्या वाटलं. तू मूळव्याध म्हणावंस म्हणून तर तुझ्याकडं आलो. न्हाईतर कराडात डाक्टर काय कमी व्हते?"

बापू म्हंजे आमचे वडील. ते गेले तवा मी नागालँडला व्हतो, तार मिळाली तवा तेरावं उरकलं व्हतं. पोटाचं कायतरी झालं एवढंच मला ठाव. त्यांना बी रक्त जायचं हे मला कुणी सांगितलं न्हवतं, आन् मी बी कवा विचारलं न्हवतं.

आण्णानं काठी टेकली आन् उठायला लागला. मी हात दिला तर धरला. म्हणाला, वैनीला सांग, ह्या ढेपा पाडव्याच्या आत ज्याच्या त्याच्या घरी पोचत्या करा, साळूच्या नातीची पयली. मग म्हणाला, मशीन आणलंयस का? मशीन माझ्या खिशातच असतं. त्यानं बोट पुढं केलं. अंघोळ न्हाई, टोपी मळकी, बोटाला गूळ लागलेला. मी पाण्यानं धुतलं, पुसलं आन् टोचलं.

दोनशे शहाऐंशी.

"आज वार कुठला?" आण्णानं विचारलं.

"सोमवार."

"मग हे खरं हाय. हे लिही," म्हणाला.

मंगळवारी आमी सांगलीला गेलो. दोन दिवस इन्सुलिननं साखर खाली आणली, आणि गुरुवारी सकाळी स्ट्रेचर घेऊन माणसं आली. आण्णाच्या अंगात हिरवा झगा, डोक्यावरची टोपी काढलेली. टोपीबिगर मी त्याला गेल्या तीस वर्षांत बघितला न्हवता, एवढंसं डोकं दिसत व्हतं त्याचं. वैनी पाय धरून उभ्या व्हत्या.

दरवाजाशी नर्सनं कागद पुढं धरून त्याचं नाव विचारलं, घरातल्या कुणाला असलं दुखणं व्हतं का विचारलं. आण्णानं बापूचं सांगितलं. मग माझ्याकडं बोट केलं.

"ह्यो माझा धाकटा भाऊ," म्हणाला. "ह्याचं बी नाव घाला, नळीसाठी. मेजर हाय, टाळंल."

नर्स हसली. म्हणाली, तारीख देते, बाबा. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध असतं, म्हणून आधी सांगावं लागतं.

"एकच दिवस आधी सांगा," आण्णा म्हणाला. "त्यापेक्षा जास्त न्हाई. लय तयारी करत्यात आमच्यात."

स्ट्रेचर आत गेलं. मी त्याची टोपी घडी करून खिशात ठेवली, आन् नर्सनं नाव विचारल्यावर पूर्ण नाव सांगितलं, वय सांगितलं. आन् तिनं न विचारता हे बी सांगितलं, की मला बी कवा कवा रक्त दिसतं, दोन वर्षं झाली, मी मूळव्याध समजून मलम लावतो.